पणजी: स्कूटर-गाडी न चालवता आईबाबांना घेऊन फिरता येईल का?

कल्याणी_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन गोव्याला जायचंय, चार रात्री. बीच, पार्टी वगैरे काही नाही, मला पणजीतच राहायचंय कारण बाबांना जुनं शहर बघायचंय आणि आईचं मंगेशीचं दर्शन कधीचं राहिलंय. अडचण अशी की आमच्यात कोणालाच गाडी चालवता येत नाही, बाबांचे गुडघे दुखतात (सपाटीवर चालतात, पायऱ्या हळूहळू चढतात), आणि ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणतो स्कूटर भाड्याने घे नाहीतर गोव्यात काही खरं नाही, टॅक्सीवाले लुटतात, ओला-उबर नाही, बसने कोण फिरतं. खरंच असं आहे का? ठाण्याहून कुठली गाडी घ्यावी आणि कुठे उतरावं, सगळे मडगाव मडगाव करतात पण नकाशात ते पणजीपासून बरंच लांब दिसतंय. आणि बाबांच्या यादीत नार्व्याचं सप्तकोटेश्वर आहे, ते बसने जमेल का? दोघंही शाकाहारी. जे गेलेत त्यांनी प्लीज नीट सांगा, म्हणजे तिकिटं काढायला घेते.

रूळवेडा:
मडगावला अजिबात उतरू नका. पणजीत रेल्वे स्टेशन नाही, सगळ्यात जवळचं करमळी, जुन्या गोव्याच्या शेजारी, तिथून पणजी दहा-बारा किलोमीटर. मडगाव तेहतीस-चौतीस. लोक मडगाव सांगतात कारण तिथे सगळ्या गाड्या थांबतात, बाकी कारण काही नाही.

ठाण्याहून तुमच्यासाठी तीन पर्याय. जनशताब्दी पहाटेची, बसून प्रवास, दुपारी करमळी. मांडवी सकाळची, संध्याकाळपर्यंत पोचवते, दिवसभर कोकण खिडकीतून बघायचं असेल आणि डब्यात सतत काहीतरी खायला येत राहायला हवं असेल तर हीच, पण बाबांना इतका वेळ बसवेल का ते बघा. कोकणकन्या रात्रीची, सकाळी करमळी. या तिन्ही करमळीला थांबतात. वंदे भारत जास्त वेगाने जाते पण ती थिवीनंतर थेट मडगाव, करमळीला थांबत नाही, मग थिवीला उतरून म्हापसामार्गे पणजी गाठावी लागते. आईबाबा आणि सामान बरोबर असताना मी तरी कोकणकन्याच सांगेन, रात्री झोप होते आणि सकाळी ताजेतवाने उतरता. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या लगेच भरतात त्यामुळे तारीख ठरली की बुकिंग उघडतं त्या सकाळीच बसा. बुकिंग करताना ज्येष्ठ नागरिकांचा लोअर बर्थ कोटा निवडा, पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ पूर्ण असली की मिळतो, आईबाबांचं तिकीट तुमच्यापासून वेगळं काढा म्हणजे दोघांनाही खालचे बर्थ मिळायची शक्यता वाढते.

अजून एक, हे फेब्रुवारीसाठी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक पूर्ण वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, तेव्हा जाणाऱ्यांनी या वेळा धरू नयेत.

आल्तिनवरून:
मी पणजीचीच. आधी तुमच्या ऑफिसातल्या लोकांना उत्तर, बसने कोण फिरतं तर आम्ही फिरतो, अख्खा गोवा कामाला बसने जातो. कळंगुट-बागाला राहून रात्री अकराला परत यायचं असेल तर बस उपयोगाची नाही हे खरं, पण पणजीत राहून दिवसा फिरणाऱ्याला बसइतकं सोयीचं काही नाही.

कसं आहे ते सांगते. पाटोवर, मांडवी पुलाच्या पायथ्याशी कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीचा, स्टँड आहे, सगळं तिथून सुटतं. मडगाव, वास्को, म्हापसा या ठिकाणांना कदंबच्या नॉनस्टॉप शटल आहेत. तिकीट खिडकीवर आधी काढायचं, मग रांगेत उभं राहायचं, गाडी लागली की जेवढ्या सीटा तेवढीच माणसं आत घेतात, उभं कोणी नाही, वाटेत थांबा नाही. म्हाताऱ्या माणसांना याच्यासारखी सोय नाही. बाकी ठिकाणी खासगी बस, त्या कमी उंचीच्या असतात, दारात कंडक्टर लटकलेला, फोंडाफोंडाफोंडा असं ओरडत असतो आणि आत भरलं की फुडें वच फुडें वच चालू. गर्दीची वेळ म्हणजे सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते सात, तेवढी टाळा, दहाला निघा आणि चारला परत फिरा, आईबाबांना बसायला मिळेल. सुटे पैसे जवळ ठेवा. संध्याकाळी आठनंतर बस विरळ होतात आणि रविवारी तर दिवसभरच कमी, हे लक्षात ठेवून आखा. शहरात कदंबच्या इलेक्ट्रिक एसी बस आहेत, मिरामार-दोनापावला बाजूला जायला त्या बऱ्या, चढायला पायरीही कमी.

राहायला पाटो किंवा चर्चच्या आसपास, म्हणजे चर्च, फोंताइन्यासची रंगीत घरं, म्युनिसिपल मार्केट, बांदोडकर मार्ग सगळं चालत होतं. आल्तिनवर हॉटेल घेऊ नका, मी तिथे राहते म्हणून सांगते, टेकडी आहे, गुडघ्यांना त्रास होईल.

कल्याणी_डोंबिवली:
अरे वा, हे इतकं सविस्तर! खूप आभार. करमळीहून पणजीला कसं यायचं सकाळी? आणि ते पायलट काय प्रकार आहे, सगळीकडे वाचतेय.

रूळवेडा:
करमळी छोटं स्टेशन आहे, शेजारी मोठं तळं, हिवाळ्यात पक्षी असतात भरपूर, बाबांना दाखवा. बाहेर टॅक्सी आणि रिक्षा असतात. गाडी आली की सगळे एकदम त्यांच्यावर तुटून पडतात, त्यामुळे डब्यातून उतरल्या उतरल्या एकाने पुढे जाऊन बोलून ठेवा. पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, पिवळ्या मडगार्डची. परवानाधारक असतात, गोव्यात पूर्वीपासून आहेत. एकट्या माणसाला उत्तम, तुम्हा तिघांना सामानासकट उपयोग नाही.

चिखलीकर:
ओला-उबर नाही हे खरंय पण गोवामाइल्स म्हणून ॲप आहे, २०१८ पासून, त्यावर भाडं आधी दिसतं. पणजीत दिवसा गाडी मिळते, आडगावात वाट बघावी लागते. रिक्षाला मीटर नसतोच म्हटलं तरी चालेल, बसायच्या आधी भाडं ठरवा आणि किती जणांचं, सामान धरून का, सगळं आधीच बोला, मग वाद होत नाही. टॅक्सीवाले लुटतात असं सरसकट म्हणणं मला आवडत नाही, त्यांना बऱ्याचदा परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून ते दोन्ही बाजूंचं भाडं लावतात, ते परवडत नसेल तर आधीच नाही म्हणा, पण भांडू नका.

विमानाने येणाऱ्यांसाठी पण लिहून ठेवतो कारण इथे पुढे कोणीतरी विचारणारच. गोव्यात आता दोन विमानतळ, दाबोळी दक्षिणेला आणि पेडण्याजवळचं मोपा, तिथे जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात. तिकिटावर गोवा एवढंच वाचू नका, कोड बघा, जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हीपासून पणजी साधारण तीस-पस्तीस किलोमीटर, पण दिशा अगदी उलट. लोक परतीच्या दिवशी चुकीच्या विमानतळावर जातात आणि मग रडतात. मोप्याहून पणजीला कदंबची इलेक्ट्रिक बस आहे, बाहेर आलं की काउंटर शोधा.

देशावरचा_गडी:
मधेच विचारतो, पुण्याहून काय करावं? आम्ही पण चौघं जायचं म्हणतोय.

रूळवेडा:
पुण्याहून रात्रीची बस सगळ्यात सरळ, कदंबच्याही आहेत आणि खासगी स्लीपर तर ढीगभर. पणजीत उतरवतात का म्हापशाला हायवेवर सोडून देतात ते बुकिंग करतानाच विचारा. रेल्वेने यायचं तर गोवा एक्स्प्रेस, मिरज-बेळगाव-लोंढामार्गे, मडगावला पहाटे. दूधसागर वाटेत लागतो पण अंधारात जातो, त्यासाठी म्हणून ही गाडी घेऊ नका. मडगावला उतरलं की कदंब स्टँडवरून पणजीची शटल.

आल्तिनवरून:
कल्याणी, मंगेशीचं सांगायचं राहिलं. पणजी-फोंडा बस धरायची, कंडक्टरला मंगेशी सांगून ठेवायचं, वीसेक किलोमीटर, मेन रोडवर उतरवतो, तिथून देऊळ थोडंसं चालत, सपाट रस्ता. सकाळी लवकर गेलात तर तळीच्या काठी शांत बसता येतं, दुपारी टुरिस्ट बस लागल्या की गर्दी. तिथून म्हार्दोळची म्हाळसा अगदी जवळ, रिक्षा करा आणि बघूनच या, मला स्वतःला ते देऊळ जास्त आवडतं, समोरची ती उंच पितळी समई बघत बाबा अर्धा तास उभे राहतील. देवळांत कपड्यांचे नियम आहेत, शॉर्ट्स वगैरे चालत नाहीत, तुम्हाला तसाही प्रश्न नाही. जेवण तिथेच करा, देवळांच्या आसपास शाकाहारी ताट चांगलं मिळतं. परत येताना तीच फोंडा-पणजी बस जुन्या गोव्यावरून येते, तिथे उतरायचं, बॉम जेझस आणि से कॅथेड्रल समोरासमोर आहेत, मधे फक्त रस्ता. एकाच दिवसात मंगेशी, म्हार्दोळ आणि जुने गोवे होतं, आणि तिघांचं बसभाडं मिळून एका टॅक्सीच्या चहापाण्याइतकं.

जुन्या गोव्याहून पणजीला येताना शक्यतो रायबंदरवरून येणारी बस घ्या. वेळ जास्त लागतो पण नदीकाठाने येते, आणि रायबंदर संपलं की तो लांबलचक बांध लागतो, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं-खारफुटी. १६३४ च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधला, तीन किलोमीटरच्या वर आहे, आणि अजून रोज त्याच्यावरून आमच्या बस जातात. नवे पूल किती आले. तो १९७० च्या दशकातला मांडवी पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, हा बांध मात्र उभा आहे. डावी-उजवीकडची खिडकी कोणती ते विचारू नका, दोन्हीकडची बघा.

नार्वे_डिचोली:
सप्तकोटेश्वर म्हटल्यावर मला लिहायलाच हवं. ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, गोव्याला येणारे नार्व्याचं नाव फार कमी काढतात.

पार्श्वभूमी बाबांना माहीत असेलच तरी लिहितो. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत, मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांच्या काळात ते पाडलं, लिंग नदीपलीकडे डिचोली महालात आणलं, आणि तिथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडे सरकारने पुन्हा डागडुजी केली, २०२३ मध्ये काम पूर्ण झालं. तुम्ही ज्या कदंबच्या बसमधून फिराल तिचं नावही त्याच राजघराण्यावरून ठेवलंय, त्यामुळे कदंबच्या गाडीत बसून पाटोवरून निघणारा माणूस नार्व्याला गेलाच पाहिजे असं मला वाटतं.

आता कसं यायचं. बसने येता येतं, पणजीहून डिचोली आणि तिथून नार्वे, पण डिचोलीहून पुढच्या बस मोजक्या आणि एक चुकली की बाबांना स्टँडवर बसवून ठेवाल. म्हणून तुमच्या चार दिवसांतला हा एकच दिवस टॅक्सी करा, अर्ध्या दिवसाची ठरवा. पण ड्रायव्हरला सांगा की जाताना जुन्या गोव्यावरून फेरीबोटीने न्या. व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट धक्क्यावर उतरतो, गाडीसकट फेरीत चढायचं, पाच-दहा मिनिटांत दिवाडी. दिवाडी गाव बघत, शेतांमधून बेटाच्या दुसऱ्या टोकाला यायचं, तिथून दुसरी फेरी, आणि उतरलं की नार्वे. म्हणजे देव ज्या नदीतून पलीकडे नेला तीच नदी ओलांडून तुम्ही देवळात येता. डिचोलीमार्गे रस्त्याने येण्यात ते नाही. येताना हवं तर मये तळ्यावरून परत जा.

देऊळ लहान आहे, फोंड्याच्या देवळांसारखा झगमगाट नाही. पायऱ्या थोड्या आहेत, सावकाश उतरा. आवारात बसून राहिलं तरी कोणी उठवत नाही.

कल्याणी_डोंबिवली:
बाबांना आत्ता हे वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं त्यांनी. फेरीत गुडघेदुखीवाल्याला त्रास होईल का? आणि पायी माणसाला तिकीट किती?

नार्वे_डिचोली:
पायी माणसाला फेरी फुकट, दुचाकीलाही. चारचाकीला किरकोळ भाडं. टॅक्सीतून गेलात तर बाबांना गाडीतून उतरायचीही गरज नाही, पण उतरून कठड्याशी उभं राहू द्या त्यांना. पायी जाणार असाल तर एवढंच बघा, फेरी धक्क्याला लागली की लोखंडी फळी खाली पडते आणि ती ओली असते, ओहोटीला धक्क्याचा उतारही जास्त उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. आधी स्कूटरवाल्यांना सुसाट जाऊ द्या, मग हात धरून सावकाश चढवा. खलाशी थांबतात, म्हाताऱ्या माणसाला बघून कोणी घाई करत नाही.

चिखलीकर:
पणजीतूनच फेरीचा अनुभव घ्यायचा असेल तर बांदोडकर मार्गावरून बेतीला जाणारी फेरी आहेच. लोक हजार-हजार रुपये मोजून संध्याकाळच्या बोटीवर गाणी ऐकायला जातात, तीच मांडवी, तोच सूर्यास्त इथे फुकट. बेतीला उतरून रिक्षाने रेईश मागूश किल्ला. छोटा आहे, छान जपलाय, आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत आणि वरून अख्खी पणजी समोर दिसते. किल्ल्यावर चढ आहे, बाबांनी वाटेत दोनदा बसलं तरी जमेल.

तारखांचं एक बघा. फेब्रुवारीत कार्निव्हल येतो, दर वर्षी तारीख बदलते. त्या शनिवारी पणजीत मिरवणूक असते, नदीकाठचा रस्ता दुपारपासून बंद, बस दुसरीकडून वळवतात, हॉटेलांचे दर चढे. बघायचा असेल तर मुद्दाम त्या दिवशी या, नसेल तर तो शनिवार-रविवार सरळ वगळा. आणि पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चाललंय, म्हापशाच्या बाजूने ये-जा असेल तर अर्धा तास जास्तीचा धरा.

आल्तिनवरून:
खाण्याचं. सकाळी उंडो (गोल पाव) नाहीतर पोळी आणि भाजी, आमच्याकडे पोळी म्हणजे पाव हो, भुशाचा, चपाती समजू नका. पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स, वर एक मिरची भजी, आणि गोड बन्स. कॅफे भोसले, कॅफे टाटो दोन्ही चालत्या अंतरावर आणि दोन्हीकडे शाकाहारी माणसाची चंगळ. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, त्या वेळात बाहेर भटकू नका, ऊनही असतं, हॉटेलात जाऊन पडा आणि चार-साडेचारला निघा. मिरामारला तेव्हाच जायचं. किनाऱ्याला लागूनच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, बाबांना नक्की बघायची असेल.

आणि एक कळकळीची विनंती. फोंताइन्यासला जाल तेव्हा सकाळी जा, पायी, हळू आवाजात. ती रंगीत घरं म्हणजे लोकांची राहती घरं आहेत. लोक दारात बसतात फोटोसाठी, खिडकीतून आत डोकावतात, कोणाच्या ओसरीवर कपडे बदलून रील करतात, म्हणून आता कित्येक भिंतींवर फोटो काढू नका असे बोर्ड लागलेत. माझी एक मावशी तिथे राहते, तिने पुढचं दार उघडं ठेवणंच सोडलंय. तुम्ही तसं काही करणार नाही हे माहितीये, पण हा धागा अजून पन्नास जण वाचतील म्हणून लिहिलं. तिथून वर मळ्याचं मारुती मंदिर दिसतं, पायऱ्या बऱ्याच आहेत पण रिक्षा वरच्या रस्त्याने जवळ नेते.

कल्याणी_डोंबिवली:
ठरलं. कार्निव्हलचा आठवडा सोडून पुढच्या सोमवारी रात्री कोकणकन्या, मंगळवारी सकाळी करमळी. पहिला दिवस पणजीतच, दुसरा मंगेशी-म्हार्दोळ-जुने गोवे बसने, तिसरा टॅक्सीने दिवाडीवरून नार्वे, चौथा बेती आणि रेईश मागूश. स्कूटर नाही! येतानाही कोकणकन्याच घेतेय, ती संध्याकाळी करमळीला येते ना? तेव्हा रिक्षा मिळेल का पणजीहून?

रूळवेडा:
हो, संध्याकाळीच. पणजीहून रिक्षा-टॅक्सी सहज मिळते, हॉटेलवाल्याला दुपारीच सांगून ठेवा, पाचनंतर पुलाजवळ आणि कसिनोंच्या बाजूला फार गर्दी होते त्यामुळे गाडीच्या सव्वा तास आधी निघा. करमळीला खायला विशेष काही मिळत नाही, रात्रीचं जेवण पणजीतून बांधून घ्या. प्लॅटफॉर्मवर गाडी फार थोडा वेळ थांबते, तुमचा डबा कुठे येतो ते बोर्डवर बघून बाबांना आधीच त्या जागेवर नेऊन बसवा.